नवाच्या दोन बाटल्या

९ जून २०२४, रविवार

नियतकालिकाचं उत्तर आलं. चार महिने वाट पाहायला लावून आलं ते असं: दोन परीक्षकांपैकी एकाच्या मते मला नवी प्रजाती सापडली आहे, दुसऱ्याच्या मते मला काहीही सापडलेलं नाही. दोघंही फार सभ्य शब्दांत लिहितात.

दुसऱ्याचं म्हणणं असं. माझ्याकडे किडे सात होते. त्यातले दोन काचपट्टीवर चढवताना मीच फोडले. उरले पाच, पाचही माद्या, आणि पाचही काचेत कायमचे चिकटवलेले, त्यामुळे त्यांचा डीएनए काढता येणार नाही. तेव्हा त्याच ठिकाणचे ताजे नमुने आणा, त्यात निदान एक नर असू द्या. मुदत सहा महिने, ९ डिसेंबरपर्यंत. न जमल्यास ही ओळखीच्याच एखाद्या प्रजातीतली विकृती समजावी. विकृती म्हणे!

स्प्रिंगटेल हा ओल्या मातीत, कुजक्या पाचोळ्यात राहणारा पांढुरका जीव, खसखशीच्या दाण्याएवढा. पोटाखाली एक चिमटा दुमडलेला असतो. तो सुटला की किडा टुणकन उडतो. चिमट्याच्या टोकांना दात असतात. माझ्या किड्याला तिथं दात नाहीत, वाटी आहे, चमच्याला असते तशी. वर्षभरात मिळतील तेवढी पुस्तकं आणि शोधनिबंध चाळले, अशी वाटी कुणाला नाही.

वर्तमानपत्रवाले जातीलाही प्रजाती म्हणतात आणि माझं डोकं फिरवतात. नवी जाती म्हणजे ओळखीच्या घरात जन्मलेलं नवं मूल. नवी प्रजाती म्हणजे गल्लीत आजवर कुणाला न दिसलेलं अख्खं घर. चौतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, हजारो झुरळं फाडून घेतली, पण स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच आहे. ते गेलं तर मागं काय राहतं, हे आज दिवसभर मोजत बसलो. फारसं काही हाती लागलं नाही.

११ जून

नाव कधीच ठरलंय. तेजस्वी ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता बंगळूरला मोठ्या प्रयोगशाळेत आहे. डीएनएचं काम तीच करणार. ती म्हणाली होती, "सर, लॅटिन वळण द्यायचं तर शेवटी 'एला' लावा." माझ्या बायकोचं, हिचं, नाव चन्नम्मा. म्हणजे चन्नम्मेला. कागदावर लिहून पाहिलं आणि हसू आलं. शेवटी 'मेला' राहतो! ही असती तर म्हणाली असती, "री, मेल्या किड्याला माझंच नाव सापडलं व्हय?" माहेर संकेश्वरचं, त्यामुळे मला कधी 'अहो' म्हणाली नाही, कानडी वळणानं 'री'च. दीड वर्ष झालं, या घरात मला कुणी री म्हटलेलं नाही.

परीक्षकासाठी सगळी हकीकत पुन्हा नीट मांडून ठेवतो. २०२२ चा जुलै. ही महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली, मीही घरी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर रॉकेलची जुनी नरसाळी उलटसुलट करून मी यंत्र उभं केलं: नरसाळ्यावर चाळण, चाळणीत माती, वर बल्ब, खाली अल्कोहोलची बाटली. बल्बच्या उष्णतेनं किडे खाली खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. यंत्र चालतं की नाही ते बघायला हिनं घरामागच्या जास्वंदीखालची ओंजळभर माती आणून टाकली. ती पहिली बाटली, चाचणीची. ती उजेडाला धरून ही मला हाका मारत होती. मी आजऱ्याला न्यायच्या पिशव्या धुण्यात होतो. बाकीच्या अकरा बाटल्या आजऱ्याजवळच्या देवराईतल्या. बाटल्यांतल्या चिठ्ठ्या आणि नोंदवहीतल्या ओळी काही मी लिहिल्या, काही हिनं.

सप्टेंबरात हिचं दुखणं निघालं. बाटल्या खोक्यात राहिल्या. जानेवारीत ही गेली. पुढच्या पावसाळ्यात खोकं उघडलं तर बाटल्या बाराच, पण नऊ नंबरच्या दोन आणि एक नंबरची नाही. हिचा स्वभाव काटकसरी. चाचणीची बाटली धुऊन तिच्यात नवाचा जास्तीचा माल भरला असणार. नवाच्या एका बाटलीत नेहमीचेच किडे होते. दुसरीत हे सात.

नऊ नंबर म्हणजे देवराईतली ओढ्याकाठची जागा. तिथंच जायचं.

१६ जून, रविवार

पहाटेच्या एसटीनं आजरा. तिथून रिक्षा, मग चालत. देवराईच्या तोंडाशी तानाबाई भेटली. काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायला जाते, चिकानं बोटं काळी पडलेली. देवीचा दिवाही तीच लावते.

"कोण पावणं?" मग ओळखून, "मास्तर, बाई न्हाईत आल्या?"

ही दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर यायची, तानाबाईची गाठ त्यानंतर आजच पडली. मी सांगितलं. तानाबाईनं पदर डोक्यावर ओढून देवीकडं हात जोडले. मग म्हणाली, "त्या आल्या की आदी देवीला सांगायच्या, मग हात लावायच्या. तुमी आपलं थेट खुरपं घालताय."

या रानातून वाळकं पानही बाहेर नेत नाहीत. मला परवानगी आहे ती एका अटीवर: मोठ्यानं सांगून घ्यायचं, आणि काम झालं की माती इथंच परत आणून टाकायची. अटीचा दुसरा भाग मी नेहमी पाळतो. आज 'घेतो आई, परत आणतो' असं म्हणालो. चार माणसांत म्हणायला अजून लाज वाटते, तिथं तर तानाबाई एकटीच होती. ओढ्याकाठच्या सहा पिशव्या आणल्या.

२० जून

सहाही नरसाळी उतरवली. नेहमीचेच. वाटीवाला एकही नाही. अजून माती मुरलेली नाही, एवढ्यात घाबरायचं कारण नाही.

मुलाचा, वरदचा, पुण्याहून फोन. "अप्पा, मागचं अंगण बघितलं मी मागच्या खेपेला. नुसतं शेवाळ. तुम्ही गेल्या वर्षी आपटलात, आता कंबर मोडून घ्यायची काय? मी पिराजी मिस्त्रीला सांगितलंय. पेव्हिंग ब्लॉक बसवून टाकतो."

मी म्हटलं, बसव. माझं लक्ष सूक्ष्मदर्शकात होतं.

"आणि अव्वाच्या समाधीवरचं रोप? उन्हाळ्यात पाणी घालत होता नव्हं?"

आईला तो अव्वा म्हणतो. जातो म्हणालो. आमच्यात दहन नसतं, पुरतात. माती म्हणजे काय आणि ती काय करते, हे मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलेलं आहे. म्हणून आमच्या दफनभूमीकडे, रुद्रभूमीकडे, पाय वळत नाहीत. हे वरदला सांगता येत नाही.

२ जुलै

पिराजी दोन गडी घेऊन सकाळी सातला हजर. जास्वंद काढावी लागेल म्हणाला. काढ म्हटलं. तासाभरानं माझ्या दाराशी आला, हातात ढेकूळ.

"सर, माती लै झ्याक हाय की. काळीकुळकुळीत. हात घातला की भसाभस. बाईंनी लै वरसं पालापाचोळा जिरवलाय ह्यात. टाकायची कुठं?"

"ने कुठंही."

"कुंड्यांला तरी ठेवा थोडी."

"अरे पिराजी, मी कामात आहे. ने सगळी."

खरंच कामात होतो. वाटीची आकृती सातव्यांदा काढत होतो. बाहेर जास्वंदीच्या मुळांवर कुऱ्हाड पडत होती, तिच्या आवाजानं हात हलायचा. पाच वाजता दोन ट्रॉल्या भरून गेल्या.

५ जुलै

अंगण झालं. राखाडी आणि लाल ब्लॉक, मध्ये नक्षी. पाणी कसं भराभर वाहून जातं. वरदला फोटो पाठवला. हिला आवडलं नसतं, पण मी पडलेलंही हिला आवडलं नसतं. एक काम मार्गी लागलं.

१४ जुलै

आज एक गंमत झाली. आजऱ्याला जाऊन-येऊन थकायला होतं, म्हणून गडहिंग्लजला हिच्या बहिणीकडे एक रात्र राहावं असा विचार केला. नंबर हिच्या जुन्या वहीत. लावला, तर पलीकडून एक गृहस्थ, "कोण पावणं? कुटनं बोलताय?" मी हिच्या बहिणीचं नाव सांगितलं. म्हणाले, "हितं असलं कोण न्हाय. पर आलासा तर च्या घ्यायला या."

तीनदा तेच गृहस्थ. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग लक्षात आलं. आकडे सगळे दोन, तीन आणि शून्य, मराठीत काय आणि इंग्रजीत काय, हातानं लिहिले की सारखेच. शेवटी मात्र हिचा मराठी एक होता आणि मी तो इंग्रजी नऊ वाचत होतो. हिचा एक तसाच, गोल डोक्याचा. यावरून आमचं पूर्वी वाजलेलंही आहे. मी म्हणायचो, शास्त्राच्या कामात इंग्रजी आकडे लिहावेत. ही म्हणायची, "मी एक लिवला तर तुमी एकच वाचा की. पोरं वाचत्यात, तुमाला का येत न्हाय?"

बहिणीकडे राहायचं ठरलं. ती फोनवर रडली. मी वाटीविषयी सांगत राहिलो.

२८ जुलै

कोल्हापुरात पंचगंगा पात्राबाहेर. आजऱ्याकडची एसटी बंद. आमच्या मंगळवार पेठेत पाणी येत नाही, पण ओल सगळीकडे. पट्ट्यांच्या कडेला बुरशी धरली होती ती पुसत बसलो. पाच पट्ट्या. एक जरी हातातून सुटली तर उरल्या चार. नवीन अंगणावर मात्र थेंबभर पाणी साचत नाही, एवढं खरं.

११ ऑगस्ट

देवराईत तिसरी खेप. आजवर सव्वीस पिशव्या. ओढ्याकाठ, मुळांखाली, पडलेल्या खोडाखाली, देवीच्या मागच्या बाजूला. प्रत्येक पिशवी परत आणून जागच्या जागी टाकली. तानाबाई उभी राहून बघत होती.

"काय हारवलंय मास्तर?"

काय शोधतोय ते सांगितलं. तिला हे किडे माहीत आहेत. पान उचललं की टुणटुण उडतात ते. मी वाटीचं चित्र दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं.

"हितलं असतं तर घावलं असतं. माती परत येतीया, पाचोळा परत येतोय. हितनं कुटं जाईल ते?"

अडाणी बोलणं म्हणून सोडून दिलं. पण परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत होतं.

२९ ऑगस्ट

तेजस्वीचा फोन. तिचा आवाज सांभाळून घेणारा झालाय. डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा. "सर, कधी कधी औषधात जास्त वेळ राहिलं की टोकाचे दात विरघळतात, वाटीसारखं दिसतं... मी शक्यता म्हणून बोलतेय."

मी फोन ठेवला. हे मी तिला शिकवलं होतं. अकरावीच्या वर्गात.

१५ सप्टेंबर

लिहायला काही नाही म्हणून पंधरवडाभर लिहिलं नाही. चाळीस पिशव्या झाल्या. शून्य.

खरं लिहितो. मला आता माझ्याच डोळ्यांचा भरवसा नाही. सकाळी पट्टी लावली की वाटी दिसते. दुपारी तीच पट्टी लावली तर वाटतं, तिथं दात होते आणि मी ते बघायचं नाकारतोय. एका मेलेल्या बाईचं नाव द्यायला काहीतरी हवं म्हणून एका म्हाताऱ्यानं पाच कुजके किडे पुढं केले, असं तो परीक्षक मनात म्हणत असेल. मीही तेच म्हणतोय.

हिच्या शेवटच्या तीन महिन्यांतले किती रविवार मी आजऱ्याला होतो, ते मोजलं. नऊ. हिच्याजवळ बसायला वरद पुण्याहून यायचा. मी उरलेली माती देवीला परत करायला जायचो आणि म्हणायचो, तुझ्यासाठीच चाललंय. तिनं काही मागितलं नव्हतं. सगळ्या पट्ट्या मोरीत आपटाव्यात असं वाटलं, उठलोही होतो. मग तसाच बसलो.

६ ऑक्टोबर

तेजस्वीनं पुन्हा फोन केला, मी रागावलो असताना. भली मुलगी आहे. म्हणाली, "सर, दुसरं काही जमत नसेल तर निदान मूळ चिठ्ठीचा फोटो जोडू. ठिकाणाबद्दल तरी शंका नको."

चिठ्ठ्या अल्कोहोलात पिवळ्या पडल्यात. पेन्सिलीचे आकडे, बाकी काही नाही. नवाच्या दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवला. आता उद्या बघू.

७ ऑक्टोबर

सकाळी आठला फोन.

"सर, किडे कुठल्या चिठ्ठीच्या बाटलीतले?"

"उजवीकडच्या."

"ती नऊची नाहीये, सर. डावीकडचा नऊ तुमचा आहे, इंग्रजी, काठी सरळ उभी. उजवीकडच्याची शेपटी बाहेर वळलीय. मराठी एक आहे तो."

मी म्हणालो, "नाही गं, एक नंबरची बाटली तर..."

ती पलीकडून "सर? सर?" करत होती. मी मागचं दार उघडून उभा होतो. राखाडी आणि लाल. मध्ये नक्षी.

८ ऑक्टोबर

पहार मागून आणली आणि जिथं जास्वंद होती तिथले सहा ब्लॉक उचकटले. खाली खडीची भुकटी, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली धुमसानं ठोकून दगड केलेली जमीन. तरी डबाभर खरवडून नरसाळ्यात टाकली.

पिराजीला फोन केला.

"ती माती व्हय? ती तवाच गेली की सर. पन्हाळ्याच्या रस्त्याला एका लॉनवाल्याचा भराव हुता, त्यात टाकली. वर काँक्रीट बी झालं. का वो, दागिना-बिगिना गेला काय त्यात?"

"हो."

"आगं आई गं. बाईंचा? लै मोठा हुता?"

"खसखशीएवढा."

तो हसला नाही. म्हणाला, "मी तुमाला म्हटलेलं सर, थोडी कुंड्यांला ठेवा म्हणून."

म्हटलेलं होतं. दोन जुलैच्या पानावर मीच लिहून ठेवलंय. चौदा जुलैचं पानही वाचलं. गंमत झाली, असं लिहिलंय मी तिथं.

१२ ऑक्टोबर

डबाभर मुरमातून काही निघालं नाही. एक मुंगी निघाली.

तेजस्वीचं म्हणणं, वाटी खरी असणार. दोन्ही बाटल्या एकाच औषधात तेवढाच काळ होत्या, आणि नवाच्या बाटलीतल्या किड्यांचे दात शाबूत आहेत. म्हणजे मी बरोबर होतो. जगात कुणालाच न सापडलेली प्रजाती होती आणि ती माझ्या मोरीच्या पाण्यावर जगत होती. मी दर रविवारी तिच्या अंगावरून एसटी पकडायला जात होतो. बरोबर असण्याचा इतका त्रास होतो हे मला माहीत नव्हतं.

शेजारपाजारची अंगणं विचारून पाहिली. पाच घरं. चारांत फरशी, पाचव्यात काँक्रीट.

९ नोव्हेंबर

दिवाळीला वरद येऊन गेला. त्याला सगळं सांगितलं. तो ब्लॉकांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अप्पा, मीच हट्ट केला." मी म्हटलं, तू माझी कंबर वाचवलीस.

आज पुण्याहून त्याचा फोन आला. "अप्पा, अव्वाच्या समाधीवर जास्वंदीची फांदी लावली नव्हती का मी, वर्षश्राद्धाच्या आधी? ती माती आपल्याच अंगणातली. दोन पाट्या मीच नेलत्या."

मी फोन कानाला लावूनच डबा शोधायला उठलो. मग तो म्हणाला, "पाणी घालताय नव्हं?"

१० नोव्हेंबर, रविवार

रुद्रभूमीत गेलो. पावणेदोन वर्षांत दुसऱ्यांदा.

फांदीची काटकी झाली होती. हात लावला तर मोडली. गेल्या उन्हाळ्यातच गेली असणार. आत ओल कुठंच नाही, माती पांढरी पडून भेगाळलेली. तरी रंगावरून कळत होतं की ही इथली नव्हे, आमची आहे. मी डबा काढला आणि पुढं मला काही करता येईना. आयुष्यभर मी माती उचलली, कुणाच्या शेतातली, कुणाच्या गोठ्यातली, देवीच्या रानातली. विचार करायची गरज पडली नाही.

शेवटी तानाबाईनं शिकवलं तसं केलं. शेजारी एक कुटुंब फुलं वाहत होतं, त्यांच्यादेखत मोठ्यानं म्हणालो, "घेतो गं थोडी. परत आणून टाकतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बघू देत.

१४ नोव्हेंबर

चार दिवस बल्ब चालू ठेवला. बाटलीत अकरा किडे पडले. पहिला काचेखाली घेतला. दात. दुसरा, दात. अकराही नेहमीचे, कुठल्याही कुंडीत मिळतात ते. वाटी नाही.

मी एक उन्हाळाभर आठवड्याला तांब्याभर पाणी घातलं असतं तर. हे वाक्य इथं लिहून बघितलं. पुढं काय लिहायचं ते कळत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

माती परत नेऊन टाकली. वर दोन तांबे पाणी घातलं. आता उपयोग नाही हे ठाऊक आहे.

३ डिसेंबर

तेजस्वीला पहिल्या परीक्षकानं खासगीत कळवलंय: मूळ ठिकाण सुरक्षित देवराई आहे, पुढेमागे नमुने मिळण्यासारखे आहेत, या मुद्द्यावर तो पाच पट्ट्यांवरही पाठिंबा द्यायला तयार आहे. म्हणजे मी गप्प बसलो तर चन्नम्मेला छापून येऊ शकते. ठिकाण आजरा. पुढची शंभर वर्षं लोक त्या ओढ्याकाठी पाचोळा उपसतील आणि तानाबाईच्या मागून येणारी कुणीतरी त्यांना विचारील, काय हारवलंय.

तेजस्वी म्हणाली, "सर, तुम्ही ठरवा."

९ डिसेंबर २०२४

मुदतीचा दिवस. संपादकांना लिहिलं: ठिकाण चुकलं होतं, चूक माझी. खरं ठिकाण कोल्हापूर, मंगळवार पेठ, लेखकाचं अंगण. अधिवास नष्ट, ताजे नमुने मिळणार नाहीत. निबंध मागे घेतो. दोन तासांत पोच आली, सभ्य शब्दांत. कुणाच्याही लेखी आता हा किडा कधी नव्हताच.

नंतर नोंदवही काढली. दुसऱ्या पानापासूनचं सगळं मी शंभरदा वाचलंय. पहिलं पान चाचणीचं म्हणून कधी उलटून बघितलं नव्हतं. हिचं गोल अक्षर:

'१. घरामागं, जास्वंदीखाली. ओली काळी माती. १७ जुलै २०२२. पांढरे, सात. चिमट्याला वाटीगत काय तरी वाटतंय. ह्यांना दाखवायचं.'

माझ्या जुन्या भिंगातून बघितलं असणार. म्हणून हाका मारत होती.

संग्राहक हा रकाना त्या ओळीत कोरा होता. बाकी अकरा ओळींत माझं नाव आहे. तिथं तिचं नाव लिहिलं, पूर्ण. शेवटचा रकाना शेऱ्याचा, त्यात जागेची आजची स्थिती लिहायची असते. 'फरशी' असं लिहिलं. ती कुणी घातली ते लिहायला रकाना नव्हता, तरी लिहिलं.